माळव्याच्या जमिनीचा कागद अन् माहा भाऊ कुंजीलाल

आमच्या गावात सरकारचा खाकी कोट घालनारा पहिला मानूस म्हंजे माहा लहान भाऊ कुंजीलाल. आमगावच्या डाकखान्यात पोस्टमन. आता सारं निस्तरलं, भाऊ कामावर परत गेला, म्हनून हे सांगून राहिलो. नाही तर मागचं वर्ष असं गेलं का मले कोनाशी बोलाची हिंमत नव्हती. अन् ज्याईनं मले पाहलं हाय त्याईले मालूम हाय, इंदरलाल हरिणखेडे चूप बसनारा मानूस नाही.

घरी आमी पवारी बोलतो. पन हे साऱ्याईले वाचता यावं म्हनून मराठीत लिहून राहिलो, अन् जशी बोलतो तशीच. शाळेचे मास्तर म्हनले, "इंदरलालजी, द्या, मी सुधरवून देतो." मी म्हनलं, राहू द्या गुरुजी, भाऊ माहा हाय, बोलनंही माहंच राहू द्या.

बाप गेला तवा मी चौथीत होतो. पुस्तक बांधून फळीवर ठेवलं अन् नांगर धरला. आमच्या बांद्या, म्हंजे धानाची शेतं, नहराच्या शेवटाले, तिथं पानी पोचवनं म्हंजे भल्याभल्याईचं काम नाही, पन माह्या बांदीत धान कधी वाळला नाही, कोनालेही विचारा. कुंजीलालले मात्र मी चिखलात पाय टाकू देल्ला नाही. सातवी पास करवला. तवाची सातवी म्हंजे मानूस तहसीलदारासमोर खुर्चीवर बसू शके अशी होती. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याले पोस्टात घेतलं. त्या दिवशी मी साऱ्या गावात गूळ वाटला, अन् ज्याईनं घेतला नाही त्याईच्या घरी पाठवला.

कुंजीलालचा सभाव माह्याहून अलग. मी बोलतो, तो आयकते. आठ गावं त्याच्याकडे, पहिले पायी, मग सायकलवर. नाल्याले पानी असलं तर थैली डोक्यावर, सायकल खांद्यावर, अन् कोट काढून थैलीवर पांघरलेला. मानूस भिजला तर वाळते, टपाल भिजलं तर वाळत नाही, असं म्हने. बायाईले चिठ्ठ्या वाचून दाखवे, पन वाचतानी तोंडावरची रेघ हालत नसे. लेक झाली तरी तेच तोंड, सासरा मेला तरी तेच. एका दिवशी एकाच गल्लीत दोन घरी चिठ्ठ्या आल्या, एकीकडे बारशाचं निमंत्रन, दुसरीकडे जवानीतलं पोरगं गेल्याची खबर. संध्याकाळी माह्या घरवालीनं विचारलं, "भाऊजी, आज तिकडे रडनं काऊन आयकू येऊन राहिलं?" तो म्हनला, "वैनी, त्याईचं टपाल हाय, त्याईलेच विचारा." अन् हात धुवून जेवाले बसला. असा मानूस.

आता तो कागद कसा आला ते सांगतो.

आमी पवार मूळचे माळव्याचे, धारच्या भागातले. किती पिढ्या झाल्या इकडे येऊन ते भाटाच्या पोथीत लिहून हाय. आमचा भाट दोन-तीन वर्षांनी येते, छपरीत बसते, पोथी उघडते अन् एकेक नाव गाऊन सांगते. माह्या सात पिढ्या मले तोंडपाठ हायेत. पंचक्रोशीत दुसऱ्या कोन्या पवारानं सात पिढ्या न अडकता म्हनून दाखवावं, मी त्याले माहा बैल देतो.

एकावन साली मालगुजारी, म्हंजे आमच्याकडची जमीनदारी, गेली. काल ज्याची जमीन होती ती आज दुसऱ्याच्या नावावर, असं सरकारी कागदानं होऊन राहिलं होतं. तिकडे राजे-महाराजेही गेले, संस्थानं खालसा झाली. म्हंजे जमीन कागदानं येते अन् कागदानं जाते, हे आमी डोळ्यानं पाहत होतो. त्याच्या दुसऱ्या वर्षी, धान चुरून, मळनी होऊन गेली होती, एक मानूस आमच्या गावी आला. पांढरं धोतर, काळा कोट, सोन्यासारख्या काड्याईचा चष्मा. म्हने मी पवारांचा इतिहास लिहून राहिलो, गावोगाव फिरून राहिलो. लोकाईनं त्याले कोनाकडे पाठवलं? माह्याकडेच. दुसरीकडे कुठं पाठवतील? मी त्याले छपरीत बसवलं. घरवालीनं सुवारी तळली, भाजी, खीर केली. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. आजा, पनजा, त्याचा बाप, कोन कुठून आला, कोन घोड्यावर आला, कोनाले तलवार होती. त्यानं दोन वह्या भरल्या. जातानी माह्या पाया पडला, म्हने, "आपल्यासारखा जानकार मले कुठंच भेटला नाही." मी त्याले पायलीभर चिन्नोर तांदूळ बांधून देल्ला.

सहा महिन्यानं कागद आला. मोठा लिफाफा, आतमधी गुलाबी जाड कागद, वर सूर्य अन् दोन तलवारी छापून. "मालव वंश नोंदणी मंडळ, धार." खाली लिहून होतं का संस्थान गेल्यामुळे जुन्या पवार सरदारांच्या बेवारस जमिनी सरकार वारसांले वाटून राहिलं. तुमचे पूर्वज अमुक तमुक, त्याईची अस्सी बिघे जमीन तुमच्या नावावर निघते. पूर्वजाईची नावं? सातही बरोबर! एक कानामात्रा चुकली नव्हती. नोंदणीसाठी दरेक घरानं एकवीस रुपये मनिआर्डरनं गोंदियाच्या शाखेत पाठवाचे, मग सनद येईल. अन् शेवटी लिहून होतं, "आपणांस ग्राम-सरदार नेमण्यात येत आहे."

कागद आननारा कुंजीलालच होता. मी तो त्याले तिथंच वाचून दाखवला, उभ्या उभ्या.

तो लिफाफा उलटसुलट करून पाहत राहिला. मग म्हनला, "दादा, हे बरं नाही दिसत."

"काऊन?"

"कागद धारचा म्हनते. शिक्का गोंदियाचा हाय."

"अरे, शाखा हाय ना गोंदियाले! लिहून तर हाय."

"अन् सरकारी कागदाले सर्विसचं टिकीट राहते, दादा. यावर साधं टिकीट हाय, तुह्यामाह्यासारखं. सरकार जमीन वाटते अन् टिकीट दुकानातून घेते का?"

"तू टिकीट पाहत राह्य जनमभर," मी म्हनलं. "मी आतमधलं पाहतो. सात पिढ्या बरोबर लिहिल्या त्यानं. तुले तरी येतेत का सात पिढ्या?"

"नाही येत," तो म्हनला. "पन माहं आयक, पैसे पाठवू नको. कमीत कमी लोकाईले तरी माहं म्हननं सांग."

मी म्हनलं, सांगतो.

अन् मी सांगितलं नाही. हे लिहितानी हात अडते, पन लिहितो. संध्याकाळी माह्या छपरीत पवाराईची तेवीस घरं जमली. मी कागद वाचला. सारे खूश. शेजारचा श्यामलाल म्हनला, "इंदरलाल, अस्सी बिघे म्हंजे एकर किती?" दुसरा म्हनला, "तिकडे धान होते का फक्त गहू?" एकाले तर चिंता पडली का माळव्याच्या जमिनीवर नांगर इथून न्यावा का तिथं घ्यावा. पन मुन्नीकाकी, विधवा बाई, कोपऱ्यातून बोलली, "कुंजीलालनं पाहलं का रे कागद?"

म्हंजे मी सामने बसून, कागद माह्या नावानं, अन् विचारते कुंजीलालले! मले लागलं. मी म्हनलं, "पाहलं. त्यानंच तर मले पक्का हाय म्हनून सांगितलं. पोस्टातला मानूस हाय तो, त्याले समजत नाही का?"

झालं. आठ दिवसात तेवीस घरचे पैसे माह्याकडे जमा. मुन्नीकाकीनं हातातले चांदीचे गोट मोडले. मी गठ्ठा कुंजीलालच्या हाती देल्ला. त्यानं विचारलं, "लोकाईले माहं म्हननं सांगितलं ना?" मी म्हनलं, "सांगितलं. तरी त्याईले पाठवाचेच हायेत." मग तो काय करनार? ज्यानं मनिआर्डर देल्ली त्याची घेनं हे त्याचं काम. त्यानं आमगावले तेवीस फारम भरले, तेवीस रसीदा आनल्या, घरोघरी देल्ल्या.

सनद आली नाही. पोळा गेला, दसरा गेला. मी म्हने, सरकारी काम हाय, लागते टाइम. दिवाळीनंतर श्यामलालनं आपल्या साळ्याच्या नावानं आनखी एक मनिआर्डर पाठवली होती, ते परत आली. वर लिहून, घेनारा पत्त्यावर राहत नाही.

श्यामलाल ते घेऊन सरळ आमच्या अंगनात. कुंजीलाल नुकताच थैली उतरवून पानी पिऊन राहिला होता.

"का रे, हे काय हाय?"

"परत आली. पैसे घे, सही कर."

"अन् पहिलेचे पैसे? ते कुठं गेले?"

"गोंदियाले. पावत्या आल्या होत्या ना सह्याईच्या."

"पावत्या! पावत्या तूच आनते, रसीदा तूच फाडते. आमाले काय समजते? कोनानं पाहलं गोंदियाले गेले का तुह्या घरात गेले?"

माह्या आंगात आग लागली. मी उठलो, "श्यामलाल, तोंड सांभाळ! कोनाच्या घरात उभा हाय तू?" पन मागून मुन्नीकाकी आली होती. ते श्यामलालसारखी ओरडली नाही. कुंजीलालकडे पाहून हळूच म्हनली, "बापू, तू कागद पक्का हाय म्हनला, म्हनून मी गोट मोडले रे."

कुंजीलालनं मान वळवून माह्याकडे पाहलं. फक्त एकदा. त्याले सारं समजलं. मी मोठा भाऊ, साऱ्या गावासामने तो माह्या तोंडातून निघालेलं खोटं म्हनू शकत नव्हता. त्यानं पान्याचा पेला तसाच खाली ठेवला.

लोकाईनं गोंदियाच्या पोस्टाच्या इन्स्पेक्टरले अर्ज देल्ला, अंगठे लावून. पंधरा दिवसात हुकूम आला. चौकशी होईपावतर कुंजीलाल कामावरून बंद. आमगावचे पोस्टमास्तर चांगले होते, त्याईनं म्हनलं, "कुंजीलाल, थैली अन् बिल्ला जमा कर बाबा. माह्या हातात काही नाही." त्यानं बिल्ला पुसून टेबलावर ठेवला, अन् पायी घरी आला. सायकल त्याची सोताची होती, तरी पायी आला, सायकल हातानं ढकलत.

मग तीन महिने. तो माह्यासंग बांद्यांत येत होता. उन्हाळी भाजी लावली, बांध बांधले. त्याचे हात थैलीचे, फावड्याचे नाही, दुसऱ्याच दिवशी फोड आले. पहिले तो रस्त्यानं जाये तर दरेक दारातून हाक, "कुंजीलाल, माहं काही हाय का?" आता तो येतानी दिसला का बोलनं बंद, अन् तो गेला का चालू. नव्या पोस्टमनले लोकं चहा पाजत. मी घरी आलो का जेवन करून झोपून जावो. कोनाच्या छपरीत बसलो नाही. मी म्हनत होतो, चौकशी होईल, सुटेल, माहा भाऊ साफ हाय. पन लोकाईले खरं सांगाची जीभ उचलत नव्हती. ग्राम-सरदार ना मी!

एका दुपारी मी जेवाले बसलो होतो. घरवाली वाढून राहिली होती. कुंजीलालची बायको रामकली आतल्या दाराआड उभी होती. आता ज्याईले आमची रीत मालूम नाही त्याईले सांगतो, लहान भावाची बायको मोठ्या भासऱ्यासंग बोलत नाही. तोंडावर पदर, सामने येनं नाही, नाव घेनं नाही. अकरा वर्षं झाली होती तिले आमच्या घरी येऊन, मी तिचा आवाज आयकला नव्हता. त्या दिवशी आयकला. ते भिंतीकडे तोंड करून माह्या घरवालीले म्हनली, पन आवाज असा का छपरीपावतर जावा.

"बाई, सांगा त्याईले. आमच्या घरचा मानूस कागद पक्का हाय म्हनून कोनालेही म्हनला नव्हता. त्यानं मना केलं होतं. मले त्याच रात्री सांगितलं होतं त्यानं."

घरवाली घाबरली. "रामकली, चूप बाई..."

"अकरा वर्षं चूपच हावो ना, बाई. आताही चूप राहीन. पन सांगा त्याईले, नोकरी गेली तर आमी मजुरी करू. आमाले लाज नाही. चोर म्हनून मेलो तर लेकरं कोनाचं नाव सांगतील? त्याईले सात पिढ्या पाठ हायेत म्हने. माह्या लेकराईले बापाची एक पिढी तरी सांगता यावी."

अन् आत निघून गेली.

माहा घास हातातच राहिला. घरवाली माह्याकडे पाहून राहिली होती. मी म्हनलं, "मीठ कमी हाय." मग म्हनलं, "नाही. मीठ बरोबर हाय." उठलो, हात धुतले. कुंजीलाल बांदीत होता, तिथं गेलो.

"चाल," मी म्हनलं. "उद्या सकाळच्या गाडीनं गोंदियाले जाऊ."

"कायले?"

"इन्स्पेक्टरले सांगाले. मी लोकाईले खोटं सांगितलं म्हनून."

तो फावडं मारत राहिला. "जाऊ दे दादा. तुही इज्जत..."

"माही इज्जत मी पाहून घेईन," मी म्हनलं. "तू चाल."

गोंदियाचे इन्स्पेक्टर साहेब हिंदीवाले होते. मी सारं सांगितलं, पहिल्यापासून. ते लिहून घेत गेले. मग म्हनले, "देखो भाई, रसीद-पावती में तुम्हारे भाई का कुछ भी गलत नहीं है. तेईस के तेईस मनीऑर्डर बराबर पहुँचे हैं. हमको मालूम है. पर गाँव की अर्जी का जवाब तो चाहिए ना. वो अब तुमने दिया." अन् खिडकीकडे मान करून म्हनले, "लेने वाला भी पकड़ा गया है. चालीस गाँव में यही गुलाबी कागज भेजा है उसने. पर वो बोलता है, मैं तो नौकर हूँ, मालिक धार में बैठा है. किसी ने उसको गाँव में देखा होता..."

"दिसाले कसा हाय?" मी विचारलं.

"दुबला. सोनेरी चश्मा."

मी खुर्चीवरून उठलोच. "काळा कोट? खीर दोनदा मागनारा?"

साहेब हसले. "खीर का मुझे पता नहीं. पहचान सकोगे?"

पहचान सकोगे म्हने! ज्याले माह्या घरची सुवारी चारली, ज्यानं माह्या सात पिढ्या माह्याच तोंडून लिहून नेल्या, त्याले मी नाही ओळखनार तर कोन ओळखनार? पन तिथंच मले समजलं का त्याच्याजवळ माह्या आजा-पनजाची नावं कशी आली. मी इतके दिवस भाटावर शंका घेऊन राहिलो होतो. देनारा मीच होतो.

फागुनात केस लागली. तो मानूस पिंजऱ्यात उभा, कोट मळलेला. खरं नाव छोटेलाल. गावची निम्मी पवार मंडळी कचेरीत आली होती, श्यामलाल, मुन्नीकाकी, सारे. सरकारी वकिलानं मले विचारलं, मी बोट दाखवलं, "हाच. माह्या छपरीत जेवला." मग छोटेलालचा वकील उठला. गोंदियाचाच, मोठा हुशार.

"तुम्ही शिकलेले आहात?"

"चौथी."

"गावात तुम्हाले फार जानकार समजतात म्हने?"

"समजतात."

"मग इतका जानकार मानूस फसला कसा? का तुमीच लोकाईचे पैसे गोळा करून भावासंग वाटून घेतले, अन् आता या गरिबावर ढकलून राहिले?"

मागं कोनी तरी खोकललं. मी मागं पाहलं नाही. मले मालूम होतं कुंजीलाल दाराजवळ उभा हाय.

"फसलो," मी म्हनलं. "कारन यानं माह्या पूर्वजाईची तारीफ केली अन् मले गोड लागलं. भावानं मले मना केलं होतं. शिक्का दाखवला, टिकीट दाखवलं. त्यानं लोकाईलेही सांग म्हनलं होतं. मी नाही सांगितलं. मी लोकाईले म्हनलं, भावानं पास केला. ते खोटं होतं. हे साहेब, माह्या भावाच्या तोंडून कधीच निघालं नव्हतं."

वकील म्हनला, "म्हंजे तुम्ही खोटं बोलता?"

"तवा बोललो. आज नाही बोलून राहिलो. तुमीही तवाचं सोडा अन् यानं माह्या घरी खीर खाल्ली का नाही ते विचारा."

कचेरीत लोकं हसले. मॅजिस्ट्रेट साहेबाईनं टेबल वाजवला, पन त्याईच्याही मिशा हालल्या, मी पाहलं.

निकाल इंग्रजीत होता. सरकारी वकिलानं बाहेर पायरीवर उभं राहून आमाले समजावून सांगितलं. छोटेलाल पहिल्यांदा पकडला गेला नव्हता. पहिले दुसऱ्या शहरात यानं असंच टपालानं घड्याळं विकली होती, डब्यात घड्याळाच्या जागी खपरैलाचे, म्हंजे कौलाचे, तुकडे. तवा पन्नास रुपये दंड झाला. तो दंड देऊन, हसत, दुसऱ्या स्टेशनावर उतरला. साहेबाईनं म्हनलं का यानं तो दंड म्हंजे धंद्याचा खर्च समजला. म्हनून या वेळेस जुना गुन्हा धरून शिक्षा वाढवली. दोन वर्षं सक्तमजुरी अन् हजार रुपये दंड. दंड भरला नाही तर मालमत्ता जप्त, लिलाव, अन् त्या दंडातून या केसमधल्या, म्हंजे आमच्या गावच्या, फसलेल्याईले भरपाई.

छोटेलालनं शिक्षा आयकली तवा तो खाली पाहून उभा राहिला. पन पुढच्या महिन्यात त्याच्या घरचा माल उचलला तवा मी तिथं होतो, माह्या कामानं गोंदियाले गेलो होतो म्हना. त्याचं छापखान्याचं मशीन, पाय मारून चालवाचं, ज्यावर तो सूर्य अन् तलवारी छापे. एक ग्रामोफोन, दोन आलमाऱ्या, सायकल. पोलीस त्याले जेलातून ओळख पटवाले घेऊन आले होते. आलमारी नेली, चूप. ग्रामोफोन नेला, चूप. चार हमालाईनं मशीन उचललं तवा तो ओट्यावर बसला अन् रडाले लागला. "मेरी रोटी है," म्हने. मी सामनेच होतो. मी म्हनलं, "रोटी तर तू आमची खाल्ली बापा. सुवारीबी खाल्ली." तवा मले समजलं का अशा मानसाले जेल नाही लागत जितकं मशीन लागते. जेलातून तो बाहेर येईल, पन येऊन कायनं छापील? मले कोनी विचारत असन का कायदा कसा पाहिजे, तर मी म्हनतो असा पाहिजे.

जेठात कुंजीलालचा हुकूम आला. निर्दोष, कामावर हजर व्हावे, बंद काळातला पगार द्यावा. पोस्टमास्तराईनं बिल्ला त्याच्या हातात देल्ला. रामकलीनं खाकी कोट राखेनं नाही, साबनानं धुतला अन् दोरीवर वाळत टाकला, रस्त्याकडून, म्हंजे जानाऱ्या-येनाऱ्याले दिसावा. मी तो दोरीवर पाहला अन् त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पावसाळ्याच्या तोंडावर कचेरीतून भरपाईच्या मनिआर्डरी आल्या. पूर्न रक्कम नाही, मशीन काही हजारात गेलं नाही, पन एकवीसातले चौदा दरेकाले. वाटनारा कोन? कुंजीलाल. मी म्हनलं, मीही येतो संग. तो म्हनला, "ड्युटी हाय दादा, तू नको." मी त्याच्या मागं थोडा दूर राहून चाललो, रस्ता सरकारचा हाय, मले कोन मना करनार?

श्यामलालच्या दारी गेला. श्यामलाल बाहेर आला, बाज पुढं ओढली. म्हनला, "बस ना कुंजीलाल. चहा घे."

"पहिले सही कर. नोटा मोज."

त्यानं सही केली, नोटा मोजल्या. "कुंजीलाल, आमी जे बोललो ते..."

"सही इथं नाही, खाली," कुंजीलाल म्हनला. "चहा परतीवर घेईन. सहा घरं राहिली अजून."

मुन्नीकाकीचा अंगठा त्यानं सोता शाईत टेकवला, सोता कागदावर धरला. ते चौदा रुपये हातात घेऊन रडाले लागली. तो थांबला, तिचा अंगठा फडक्यानं पुसला, अन् तेच तोंड, एक रेघ हालली नाही. मग बाहेर येऊन सायकलवर बसला अन् पुढच्या गावच्या रस्त्याले लागला.

मी नहराच्या बांधावर उभा होतो. तो दिसेनासा होईपावतर पाहत होतो. वाटेत पहिल्या झोपडीतून एक बाई धावत बाहेर आली अन् जोरानं वरडली, "कुंजीलाल! माहं काही हाय का रे?"

"नाही वो बाई," तो सायकल न थांबवता म्हनला. "आज काही नाही."

अन् ते बाई हसली, बरं म्हनली, अन् आत गेली.